चार ठिपके

मिस्त्रींचा हात थरथरायला लागला, तेव्हा घरात त्यांच्यासाठी एक नवीन काम काढण्यात आलं. मुलाने पान्याने बोल्ट आवळायचा आणि म्हणायचं, "द्या, बाबा." मग मिस्त्रींनी त्या बोल्टच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे बोल्ट आवळलेला आहे, नाही म्हणजे काम बाकी आहे, इतका साधा हिशेब. बाटली सुनेची होती. ती दवाखान्यात सिस्टर, तिथे नखं रंगवायला मनाई, म्हणून कुणीतरी भेट दिलेली ती बाटली घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडली होती.

पन्नास वर्षं ज्या माणसाने लोकांची इंजिनं उघडली आणि पुन्हा जोडली, तो आता नेलपॉलिश लावत बसतो, हे मिस्त्रींना कळत नव्हतं अशातला भाग नाही. "काप गेले अन् भोकं राहिली," असं ते स्वतःच म्हणत, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायची संधी मिळत नसे. त्यांच्याकडून एकदा इंजिनाच्या तळाचा, तेल काढायचा बोल्ट जास्त आवळला गेला होता आणि आटे गेले होते. मुलगा तेव्हा काही बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून पान्यांची पेटी वरच्या फळीवर गेली, जिथे मिस्त्रींचा हात पुरत नव्हता.

हात थरथरतो हे चारचौघांत दिसतं, त्याची लाज वाटायची नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. डोक्यात जे चाललं होतं ते मात्र दिसत नव्हतं. गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसणं, एकाच दिवशी दोनदा दाढी करणं, हे घरच्यांनी पाहिलं होतं आणि त्यावर हसूनही झालं होतं. "साठी बुद्धी नाठी, बाबा," असं सून थट्टेत म्हणायची. "साठी होऊन चौदा वर्षं झाली, आता नाठायला उरलंय काय," असं मिस्त्री म्हणायचे, की सगळे पुन्हा हसायचे. पण घरच्यांनी जे पाहिलं होतं, त्याच्या दुप्पट त्यांच्या नजरेला पडलेलंच नव्हतं. ते मिस्त्रींनी झाकून ठेवलं होतं, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली तर ठिपक्यांचं कामही जाईल आणि आपल्याला खिडकीशी खुर्ची टाकून बसवतील, याची त्यांना फार भीती वाटायची.

तर सुनेच्या मोटरसायकलचं इंजिन महिन्याभरापूर्वी डोंगराच्या चढावर जाम झालं होतं. तिचा दवाखाना डोंगरापलीकडे, अठरा किलोमीटरवर. अर्धा रस्ता चढाचा, अर्धा उताराचा. मुलगा कारखान्यात टर्नर होता, त्याने एका मोडक्या गाडीचं दमदार इंजिन आणलं आणि महिनाभर सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून आल्यावर ते सुनेच्या गाडीत बसवत राहिला. मागची भोकं जुळली, पुढची काही जुळेनात. मग त्याने पोलादाच्या दोन जाड पट्ट्या कापल्या, भोकं पाडली आणि त्या पट्ट्यांनी इंजिन पुढून सांगाड्याला धरलं. एकेका पट्टीला दोन बोल्ट, म्हणजे एकूण चार. ते सैल झाले तर इंजिन डुलायला लागणार, चेन उतरणार आणि उतरलेली चेन मागच्या चाकात अडकणार. भर उतारावर मागचं चाक अडकलं की पुढे काय होतं, हे मिस्त्रींना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आदल्या संध्याकाळी काम संपत आलं होतं. मुलगा आवळत होता, "द्या, बाबा" म्हणत होता, मिस्त्री ठिपके देत होते. इंजिन चालू करून पाहिलं, आवाज सुरेख आला, सुनेने स्वयंपाकघरातून "झाली का माझी गाडी?" असं विचारलं. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला की एक मशीन बंद पडलंय, ताबडतोब ये. मुलगा हात पुसत पुसत निघाला आणि जाता जाता काहीतरी म्हणाला. काय म्हणाला, ते मिस्त्रींना सकाळी काही केल्या आठवेना. तो परत आला तेव्हा घर झोपलेलं होतं, आणि पहाटे तो पुन्हा पाळीवर गेला होता.

सकाळी सहाच्या सुमाराला मिस्त्री शेडमध्ये आले, तर पुढच्या चार बोल्टांवर ठिपके नव्हते.

पान्याची करकर त्यांना स्वच्छ आठवत होती. मुलगा "द्या, बाबा" म्हणाला, हेही आठवत होतं. पण ते या चार बोल्टांना म्हणाला होता की मागच्या तीन बोल्टांना, कालच म्हणाला होता की परवा, ते सगळं एकमेकांत कालवलं गेलं होतं. बराच वेळ ते बाटली हातात धरून उभे राहिले. मुलाने आवळले असणारच, तो काम अर्धवट टाकणारा नाही, आपणच द्यायचे विसरलो, असं त्यांनी ठरवलं. सून आता येईल, बोटाने ठिपके मोजेल, तिची ती सवयच आहे, आणि चार कमी भरले की म्हणेल, बाबा विसरले. संध्याकाळी मुलाला कळेल. तो काही बोलणार नाही, फक्त नेलपॉलिशची बाटलीही वरच्या फळीवर जाईल.

एकदा पाना लावून पाहिलं असतं तर भागलं असतं. पण पेटी वर होती, आणि स्टुलावर चढून ती काढताना कुणी पाहिलं तर त्याचंही स्पष्टीकरण द्यावं लागणार होतं. त्यांनी बोल्ट बोटांनी चाचपले. थरथरत्या बोटांना ते घट्टच लागले. मग त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं आणि एक, दोन, तीन, चार असे ठिपके दिले. इतके गोल आणि नेमके ठिपके त्यांच्या हातून कित्येक दिवसांत पडले नव्हते.

साडेसहाला सून डबा पिशवीत घालत आली. खाली वाकून तिने बोटाने मोजलं. "सगळे झाले ना हो, बाबा?"

"झाले," मिस्त्री म्हणाले.

"मग मला कसली भीती," ती हसून म्हणाली. तिने हेल्मेट चढवलं आणि गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

मिस्त्रींनी चहा गाळला. पेला तोंडाला लावतात न लावतात तोच फोन वाजला. मुलगा कारखान्याच्या गेटवरून बोलत होता. "बाबा, मोबाइल जमा करायचाय, पटकन ऐका. तिला म्हणावं आज बसने जा. पुढचे चार बोल्ट मी नुसते हाताने फिरवून ठेवलेत, पाना लावायचा राहिलाय. काल तुम्हाला बोललो होतो, तरी म्हटलं आठवण करावी. तसं ठिपके नाहीत म्हटल्यावर ती गाडीला हात लावणार नाहीच."

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला.

"बाबा, ऐकताय ना? सांगाल ना तिला?"

"सांगतो," मिस्त्री म्हणाले, आणि पलीकडून फोन बंद झाला.

हा 'सांगतो' आपल्या तोंडून कसा गेला, ते त्यांना कळलं नाही. ती गेली, ठिपके मी दिले, एवढी दोन वाक्यं बोलायची होती. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस पोटच्या पोराला भ्यायला, ही खरी गोष्ट. त्यांनी लगेच उलटा फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग सुनेला लावला. तो वाजत राहिला, वाजत राहिला आणि थांबला. गाडीवर असताना ती फोन पिशवीच्या तळाशी ठेवायची आणि पोचेपर्यंत बघायची नाही. तिच्या या शिस्तीचं मिस्त्री चारचौघांत कौतुक करत असत.

घड्याळात पावणेसात झाले होते. पंधरा मिनिटं, म्हणजे ती चढाला लागली असणार. चढावर काही व्हायचं नाही, झालंच तर गाडी बंद पडेल. पण माथ्यावरून पुढे उतार. मिस्त्री चपला न घालता गल्लीच्या तोंडाशी पळत गेले. पळत म्हणजे त्यांच्या परीने.

कोपऱ्यावर पाववाल्याची व्हॅन उभी होती. तो रोज डोंगरापलीकडच्या दुकानांना पाव पोचवायचा. मिस्त्रींना बघून म्हणाला, "काय मिस्त्री, आज अनवाणी? नवस बोललात की काय?"

"पलीकडे ने मला. दवाखान्यात."

"काय होतंय?"

"मला काही होत नाही. तू चल."

त्यांचा चेहरा पाहून पाववाल्याची पुढची थट्टा घशातच राहिली. त्याने शेजारच्या सीटवरचे ट्रे मागे सरकवले आणि व्हॅन चालू केली. आत गरम पावाचा वास भरला होता.

चढ लागला तशी व्हॅन रखडायला लागली. मिस्त्रींची नजर रस्त्यावर होती. उन्हात रस्त्यावर किती गोष्टी चमकतात, हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. बाटलीचं बूच, काचेचा तुकडा, कसला तरी चंदेरी कागद. प्रत्येक वेळी ते पुढे वाकून बघायचे आणि प्रत्येक वेळी तो बोल्ट नसायचा. मनातल्या मनात ते इंजिनाचा हिशेब करत होते. हाताने फिरवलेला बोल्ट अशा हादऱ्यात किती टिकेल? आधी नट जाईल, मग बोल्ट सरकत सरकत बाहेर येईल. पहिला गेला की उरलेल्या तिघांवर ताण, मग दुसरा. आयुष्यभर गिऱ्हाइकांना दिलेलं हे ज्ञान आता त्यांचाच गळा धरत होतं.

"मिस्त्री, सूनबाईंचं काही?" पाववाल्याने हळूच विचारलं.

"तिच्या गाडीचे बोल्ट सैल आहेत."

"अरे देवा. म्हणजे पोरगा आवळायला विसरला?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपला मुलगा निष्काळजी ठरला आणि आपण गप्प बसलो, हे त्यांना कळत होतं. तरी जीभ हलली नाही. भीती माणसाला किती हलकट करते, ते त्या पाच मिनिटांत त्यांना कळलं.

माथा ओलांडून तिसऱ्या वळणावर गर्दी दिसली. दहा-बारा माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून दरीकडे वाकून बघत होती. "थांबव," असं मिस्त्रींना म्हणायचं होतं, आणि "थांबवू नकोस" असंही म्हणायचं होतं. पाववाल्याने व्हॅन हळू केली, खिडकीतून डोकं काढून विचारलं. एका ट्रकवरची ताडपत्री उडून खाली झाडात अडकली होती आणि ती कशी काढायची यावर सगळे सल्ले देत होते.

"ताडपत्री आहे, मिस्त्री. नुसती ताडपत्री," पाववाला म्हणाला. मिस्त्रींनी मान हलवली.

दवाखान्याच्या आवारात सायकलींच्या रांगेशेजारी सुनेची गाडी उभी होती. नीट, मधल्या स्टँडवर, हँडल कुलूपबंद. हेल्मेट आरशाला अडकवलेलं नव्हतं, म्हणजे ती घेऊन आत गेली होती. धडधाकट चालत आत गेली होती. मिस्त्री गाडीजवळ जमिनीवरच बसले. त्यांना हुंदका आला, तो त्यांनी खोकून घालवला.

मग त्यांनी पाहिलं. डाव्या पट्टीचा खालचा बोल्ट नव्हताच, नुसतं भोक होतं. वरच्याचा नट गेला होता आणि बोल्ट दोन बोटं बाहेर आला होता, डोक्यावर लाल ठिपका मिरवत. उजवीकडचे दोन त्यांनी बोटाने फिरवले, तर ते फिरले. इंजिन डाव्या बाजूला कललं होतं, चेन तिरपी पडली होती. आणखी चार वळणं असती तर ती उतरली असती. ते चित्र डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि मिटल्यावर ते जास्तच दिसायला लागलं.

आता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला चढ-उतारावर काही जाणवलं असतं तर ती थांबली असती, म्हणजे नवीन इंजिन असंच हादरत असेल असं समजून ती आली होती. मुलाला वाटत होतं ती बसने गेली. एक विचार मिस्त्रींच्या डोक्यात चोरासारखा शिरला. पाववाल्याकडे पाना असेलच. चारही आवळून टाकावेत, संध्याकाळी ती घरी येईल, मुलाला सांगावं की तू म्हणालास म्हणून मीच आवळले. झाकली मूठ झाकलेलीच राहील.

पाववाल्याकडे पाना होता. जुन्या डब्यात मापाला बसणारा एक बोल्ट आणि दोन नटही सापडले. कितीतरी महिन्यांनी हातात पाना आला आणि तो हातात बसला, तसं क्षणभर त्यांना बरं वाटलं. पाववाल्याने इंजिन खालून उचलून धरलं, मिस्त्रींनी पहिला बोल्ट आवळला, दुसरा आवळला, उजवीकडे आले. तिसरा आवळताना हात थरथरून पाना दोनदा निसटला. मग चौथा. आणि चौथ्यावर पाना ठेवल्यावर त्यांना कळेना की दुसरा आवळला होता का.

ते डावीकडे गेले. दुसऱ्याला पाना लावून ओढला. घट्ट लागला. पण घट्ट म्हणजे किती घट्ट? पन्नास वर्षं ही गोष्ट मनगटाने सांगितली होती, पाना ओढला की मनगट म्हणायचं, बास. आज मनगट काहीच म्हणत नव्हतं. जोर संपला म्हणून हात थांबला की बोल्ट बसला म्हणून थांबला, ते समजायला मार्ग नव्हता. ते पुन्हा पहिल्यावर गेले, मग तिसऱ्यावर, आणि मधेच थांबले, कारण चौथा झाला होता का, हे आता आठवत नव्हतं.

"मिस्त्री, झालं ना?" पाववाला म्हणाला. "मी निघतो, दुकानं उघडली असतील."

"तूच बघ रे आवळून."

"मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही आवळलंत म्हणजे झालं." तो पाना घेऊन निघून गेला. कधीकाळी हे वाक्य ऐकून मिस्त्रींची छाती फुगली असती. आज ते त्यांना ऐकवेना. याच भरवशावर ती संध्याकाळी उतारावरून घरी येणार होती, सकाळी आली तशीच, अगदी निर्धास्त.

मिस्त्री उठले आणि दवाखान्यात शिरले.

आत लाकडी बाकांवर माणसं बसली होती. खिडकीतल्या मुलीने मान वर न करता नाव विचारलं, एक क्रमांक लिहिलेला कागद दिला आणि बसायला सांगितलं. "मी पेशंट नाही, मला आत जायचंय" हे म्हणायचं राहून गेलं. शेजारी एक बाई खोकणाऱ्या लेकराला थोपटत होती. मिस्त्रींचे अनवाणी पाय धुळीने भरले होते, हात काळे झाले होते. दार उघडायचं, सुनेचा आवाज यायचा, एक माणूस आत जायचा. उठून सरळ घरी जावं असं त्यांना दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

"सतरा," सुनेने हाक मारली. मग तिने पाहिलं. "बाबा? तुम्ही इथे? काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

तिने त्यांना आत नेऊन स्टुलावर बसवलं, सवयीने नाडीवर बोटं ठेवली. डॉक्टर अजून यायचे होते.

"गाडीला हात लावू नकोस," मिस्त्री म्हणाले. "पुढचे चार बोल्ट सैल होते. एक वाटेत पडला. आत्ता मी आवळलेत, पण माझ्या आवळण्यावर जाऊ नकोस. नवऱ्याला न्यायला बोलाव, त्याच्याबरोबर जा. त्याची काही चूक नाही. त्याने काल सांगितलं होतं, तू निघाल्यावर फोनही केला. ठिपके मी दिले."

तिची बोटं नाडीवरच होती, पण ती मोजायची थांबली होती. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि थोडा वेळ खिडकीतून गाडीकडे बघत राहिली. उतारावरचं एकेक वळण ती आता पुन्हा उतरत होती, हे मिस्त्रींना दिसत होतं.

"न आवळता ठिपके दिलेत?" तिने विचारलं. "का, बाबा?"

"मला वाटलं, मी द्यायला विसरलो. तुम्हाला कळू नये म्हणून दिले." त्यांनी हात मांडीवर दाबून धरले. "मला राहत नाही लक्षात. तुम्ही हसता तेवढंच नाही, त्याहून पुष्कळ. परवा आपल्या गल्लीत उभा राहून मला आपलं घर ओळखता येईना. मी दुसऱ्याच्या पायरीवर बसून राहिलो, तू कामावरून येताना दिसलीस तेव्हा तुझ्या मागोमाग आलो."

सून रागावेल, आरडाओरडा करेल, मुलाला बोलावेल, अशी त्यांनी वाटेत तयारी केली होती. तिने तसलं काहीच केलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने मनगटाने पुसले. टेबलावरचा कोरा केसपेपर पुढे ओढला, पेन उघडलं, आणि बाहेरच्या बाकांवरच्या माणसांना विचारायची तशा आवाजात विचारलं, "कधीपासून होतंय?"

"झाले असतील दोन-तीन महिने," असं उत्तर मिस्त्रींनी तयार ठेवलं होतं. ते ओठांवर आलंही होतं.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "लिही. सगळं सांगतो. मला फार भीती वाटते गं."